मखमली शेंगांना हात लावू नका!

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीत आमच्या चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या जंगलातल्या वसंत भ्रमंतीवरचा लेख वाचला. भाषा गोड आहे, त्याबद्दल अभिनंदन. पण ‘वेलींवर झुलणाऱ्या सोनेरी मखमली शेंगा अलगद हातात घेऊन पाहाव्यात’ हे कुणी लिहिलं आणि कुणी तपासलं? अहो, ती खाजकुयली! आमच्या गल्लीतली दोन पोरं लेख वाचून दुपारीच दुचाकीवर गेली आणि सांजेला मनगटापासून कोपरापर्यंत लाल होऊन परतली. ‘काय व्हयनं रे?’ विचारलं तर सांगायलाही खाजवणारे हात थांबेनात.

या शेंगेवरचं मखमल म्हणजे बारीक कुसळं. फाल्गुनात शेंग वाळली की ती नुसत्या धक्क्यानं, वाऱ्यानंही झडतात. म्हणून वेल दिसली की वारा जिकडून येतो त्या अंगानं जावं, लांब बाह्यांचा सदरा घालावा. कुसळं लागलीच तर चोळायचं नाही. चोळलं की ती आणखी आत रुततात. चिकटपट्टी दाबून, उपटून काढावी, दर वेळी नवा तुकडा घ्यावा, मग साबण-पाणी. कपडे घरातल्या इतर कपड्यांत टाकू नयेत. डोळ्यात गेलं तर भरपूर स्वच्छ पाण्यानं धुऊन थेट डॉक्टर गाठावा.

छायाचित्राखाली ‘फुललेला बहावा’ छापलंय. फाल्गुनात बहावा? तो फुलणार चैत्र-वैशाखात, आणि त्याचे घोस झुंबरासारखे खाली लोंबतात. तुमच्या चित्रातल्या झाडाला एक पान नाही आणि फांद्यांच्या टोकाला वाटीएवढी, पाच पाकळ्यांची पिवळी फुलं वर तोंड करून बसलीत. ते गणेर, म्हणजे सोनसावर. बहाव्याला हातभर लांब काळ्या गोल शेंगा असतात, एवढं पाहिलं तरी गफलत होत नाही.

‘सकाळी दहाला निघावे’ हाही सल्ला भारीच! या दिवसांत साग, सालई, मोई सगळी निष्पर्ण असतात, सावली मिळणार कुठून? उजाडताना निघून दहाच्या आत माघारी फिरावं आणि माणशी तीन लिटर पाणी घ्यावं. उतारावर सागाची पानं पापडासारखी वाळून पडलेली असतात, खाली सुटा मुरूम. टाच आधी टेकवली की माणूस घसरलाच. पाय आडवा टाकावा, काठी हाती असावी. हे लेखात एका ओळीत बसलं असतं, पण ‘निसर्गाची मुक्त उधळण’ तीनदा आली, मग जागा कशी उरणार!

आणखी एक. चाळीसगावला येणाऱ्या अंकात हल्ली पिवळा आणि केशरी एकच छापला जातो. पुढच्या रविवारी पळस दाखवाल तर निदान रंग तरी नीट लावा.

– एक नियमित वाचक, चाळीसगाव