ग्रँट देताना फक्त एच-इंडेक्सच का बघता?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी सरकारी मेडिकल कॉलेजात सर्जरी शिकवतो. हर्नियाच्या पेशंट्सचा पाच वर्षं फॉलोअप ठेवायचा प्रोजेक्ट एका ठिकाणी ग्रँटसाठी पाठवला होता, तर मुलाखतीत पहिलाच प्रश्न, तुमचा एच-इंडेक्स किती? सहा म्हणालो. समोरच्या सरांनी कागदावर ६ लिहून त्याला गोल केला, आणि पेशंट कुठल्या गावचे, परत कसे बोलावणार, हे कोणी विचारलंच नाही. फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

एच-इंडेक्स ६ म्हणजे माझ्या सहा पेपर्सचा दुसऱ्यांनी प्रत्येकी निदान सहा वेळा संदर्भ दिलाय. हिर्श नावाच्या फिजिक्सच्या प्राध्यापकाने २००५ मध्ये हा हिशोब काढला. सर्जरीत तो लावला की कॅन्सरवाल्यांचा आकडा मोठा दिसतो कारण त्या विषयावर लिहिणारेच भरपूर, भगंदर नाहीतर भाजलेल्या पेशंट्सवर काम करणारा मागे पडतो, शिवाय आकडा कधी खाली येत नाही म्हणून सीनियर कायम पुढे, त्यात ज्युनियरच्या पेपरवर विभागप्रमुखांचं नाव घालायची पद्धत आहेच.

दोंडाईचाच्या डॉ. टोणगावकरांचं काम बघा. हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये आत बसवायच्या महागड्या जाळीऐवजी, म्हणजे मेशऐवजी, त्यांनी मच्छरदाणीचं साधं कापड वाफेने निर्जंतुक करून वापरलं, सहकाऱ्यांसोबतचा पेपर २००३ मध्ये इंडियन जर्नल ऑफ सर्जरीत आला. पुढे स्वीडन आणि युगांडाच्या डॉक्टरांनी तसल्याच स्वस्त जाळीची रीतसर ट्रायल केली, ती २०१६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आली, वर्षभरानंतर रिझल्ट कंपनीच्या मेशइतकेच चांगले. ही आयडिया खेड्यातल्या ऑपरेशन थिएटरमधून आली हो, आकडा बघून दिलेल्या ग्रँटमधून नाही!

उलट सर्जन पाओलो माक्कियारिनी. कृत्रिम श्वासनलिकेवरचे त्याचे पेपर लॅन्सेट या नावाजलेल्या मेडिकल जर्नलमध्ये, सायटेशन्स म्हणजे दुसऱ्यांनी दिलेले संदर्भ भरपूर. स्वीडनमध्ये ज्या तिघांना त्याने ती नळी बसवली ते तिघंही गेले, आणि २०२३ मध्ये कोर्टाने त्याला अडीच वर्षांची शिक्षा दिली.

ग्रँट देणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, आकडा बघायचाच तर बघा पण आधी प्रोजेक्ट वाचा, पेशंटचा प्रश्न खरा आहे का ते विचारा.

मी रजिस्टर ठेवणं सोडलेलं नाही. परवा एक ऊसतोड कामगार टाका बघायला आले, दोन वर्षांनी, मजुरी बुडवून. माझ्या बजेटमध्ये सगळ्यात मोठा खर्च अशा लोकांच्या एसटी भाड्याचा होता.

— एक सर्जन, लातूर