आरपीएच्या क्लासला पैसे भरण्याआधी

संपादक साहेब, नमस्कार.

ॲडमिशनचा सीझन आला की पेपरात आणि व्हॉट्सॲपवर तीच जाहिरात फिरते, सहा आठवड्यांत आरपीए शिका, कोडिंग यायची गरज नाही, पॅकेज लाखांत. आरपीए म्हणजे रोबोटिक प्रोसेस ऑटोमेशन, माणूस स्क्रीनवर करतो ती ठरलेली कामं बॉटकडून, म्हणजे सॉफ्टवेअरकडून, करून घेणं. मी पुण्यात ह्याच लाइनमध्ये बरीच वर्षं आहे म्हणून लिहितोय, कारण जाहिरात अर्धी खरी आहे आणि पोरं त्या अर्ध्यालाच भुलतात.

कामं आहेत, ते नाकारत नाही. व्हेंडरचं बिल मेलवर आलं, उघडलं, आकडे वाचले, सॅपमध्ये (कंपनीच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) टाकले, जुळलं नाही तर अकाउंट्सला कळवलं, असली क्लिक-कॉपी-पेस्टची कामं खराडी-हिंजवडीच्या बॅक ऑफिसांत ढिगाने पडलीत आणि ती बॉटकडून करून घ्यायला माणसं लागतातच. पण ड्रॅग-ड्रॉप करून डेमो बॉट पळवणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. खरी मजा बॉट लाइव्ह गेल्यावर, कुणीतरी वेबसाइटवरचं बटण इकडचं तिकडे करतं, पासवर्ड एक्स्पायर होतो, मध्येच पॉपअप उगवतो आणि रात्रीचा रन बंद, सकाळी क्लायंट फोनवर. अशा वेळी सिलेक्टर (बॉट स्क्रीनवरचं बटण ज्यावरून ओळखतो ती खूण) दुरुस्त करणं, कुठलं बिल अर्धवट राहिलंय ते शोधणं, तेच बिल दोनदा एंटर होऊ न देणं, पगार ह्याचा मिळतो हो! आणि क्लासवाले नेमकं हेच शेवटच्या दिवशी घाईत उरकतात.

दुसरं म्हणजे एकाच टूलच्या नावावर आयुष्य काढता येईल असं समजू नये. आरपीएचं टूल बनवणारी यूआयपाथ कंपनी 2005 साली बुखारेस्टमध्ये सुरू झाली, 2021 ला न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात 56 डॉलरने आली तेव्हा काय कौतुक होतं, आणि 2024 च्या मे मध्ये सीईओने पद सोडल्याची बातमी आली तसा शेअर एका दिवसात साधारण एक तृतीयांश पडला, पुढे जुलैत दहा टक्के माणसं कमी करायचं जाहीर झालं. त्याआधीच 2021 पासून मायक्रोसॉफ्टने पॉवर ऑटोमेट डेस्कटॉप हे तसलंच टूल विंडोज 10 वाल्यांना फुकटच देऊन टाकलं. आता तर एआय एजंटचा, म्हणजे स्वतः ठरवून कामं करणाऱ्या एआयचा, गाजावाजा आहे. माझ्या मते बॉट लगेच संपणार नाहीत, जुनी सॉफ्टवेअरं बँकांत, इन्शुरन्समध्ये अजून तशीच चालू आहेत आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी एपीआयच (एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याशी थेट बोलायची सोय) नाही. पण जिथे एपीआय आहे तिथे स्क्रीनवर क्लिक करणारा बॉट कशाला कोण ठेवेल? म्हणजे पायथन किंवा सी शार्प, एसक्यूएल (डेटाबेसची भाषा), एपीआय हे आलंच पाहिजे, "कोडिंग नको" वगैरे विसरा.

एक गोष्ट मात्र जाहिरातवाले कधीच सांगत नाहीत, ती बीकॉमवाल्यांच्या फायद्याची आहे. जीएसटीआर-2बी (सप्लायरांच्या रिटर्नवरून जीएसटी पोर्टलवर बनणारं आपल्या खरेदीच्या टॅक्स क्रेडिटचं स्टेटमेंट) आणि परचेस रजिस्टर का जुळत नाही, सप्लायरने इनव्हॉइस नंबर वेगळा टाकला की त्याने रिटर्नच भरलं नाही, हे ज्याला कळतं तो नियम लिहू शकतो, आणि नियम नीट लिहिलेले असले की बॉट बनवणं फार अवघड नसतं. इंजिनिअर पोरांना तिथे अकाउंट्सवाल्यांच्या मागे फिरावं लागतं, मी पण फिरलोय. सोलापूर-नांदेडकडच्या पोरांनी क्लासला हजारो रुपये भरण्याआधी यूआयपाथची ॲकॅडमी (ऑनलाइन कोर्स) आणि कम्युनिटी एडिशन (शिकायला मिळणारं सॉफ्टवेअर) बघावी, दोन्ही फुकट आहेत, फक्त इंग्रजी जरा सोसावं लागतं.

आपल्याला एकच विनंती. "100 टक्के प्लेसमेंट" छापायला घेताना क्लासवाल्यांना एवढं विचाराच की मागच्या बॅचची पोरं डेव्हलपर म्हणून लागली की रात्रपाळीच्या सपोर्टला, आणि हातात पगार किती पडतो. उत्तर आलं तर तेही त्याच जाहिरातीत छापा.

आपला,
एक वाचक, पिंपळे सौदागर, पुणे