आहेरात हातशिवणीला जागा हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लग्नसराईत आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवात आपल्याकडे जे कापड एका घरातून दुसऱ्या घरात जाते, त्याविषयी लिहावे असे बऱ्याच दिवसांपासून मनात होते. ‘देण्याघेण्याचे’ म्हणून बहुतेक घरांत एक कप्पा वेगळा ठेवलेला असतो. त्यात अंगाला टोचणाऱ्या साड्या, कोणत्याच साडीला न जुळणारे ब्लाउजपीस, पाणी न टिपणारे टॉवेल आणि कोणीही डोक्यावर न घालणाऱ्या टोप्या असतात, आणि त्यांतले जे ज्याच्याकडून आले ते पुन्हा त्याच्याच हाती पडू नये एवढी एकच काळजी घ्यायची असते. काही यजमान पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ असे छापून या फेऱ्यातून सुटका करून घेतात. मला ते पुरेसे वाटत नाही. आप्तांनी आप्तांना वस्त्र देण्याची रीत चांगली आहे. मात्र निदान जवळच्या नात्यांत तरी घरी शिवलेली गोधडी, दुपटे, कुंची, बटवा किंवा पिशवी हा रीतसर आहेर मानला जावा आणि तो देताना कोणाला संकोच वाटू नये, एवढे सुचवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

यात नवे असे काही नाही. रुखवताची मांडामांड ही मुळात मुलीच्या आणि तिच्या घरातल्या बायकांच्या हातची कामे चारचौघांना दाखवण्याची जागा होती. भरतकामाचे अभ्रे, क्रोशाचे रुमाल, मण्यांचे तोरण, ठिगळकामाची चादर हे सारे तिथे मांडले जाई आणि लग्नानंतर तिच्या संसारात वापरले जाई. आता रुखवत भाड्याने मिळते. थर्माकोल, चकचकीत कागद आणि टिकल्या लावलेली तीच ती पालखी, तेच ते तुळशीवृंदावन एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जाते आणि दुपारच्या पंगती उठेपर्यंत परत खोक्यात भरले जाते. बाळंतविड्याचेही थोडेफार तसेच झाले आहे. झबली, टोपरे, लंगोट, कुंची आणि दुपटी ही आजीने, मावशीने, आत्याने आपापसांत वाटून घेऊन शिवायची कामे होती. खणाच्या कुंचीसाठी कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण राखून ठेवला जाई आणि तिच्या काठाला उरलेल्या लुगड्याचा काठ लावला जाई. आज दुकानातून पारदर्शक पिशवीत बंद केलेला ‘सेट’ येतो. त्यातले पांघरूण दिसायला गुबगुबीत असले तरी बहुधा पॉलिस्टरचे असते, आणि आपल्या हवेत त्यात गुंडाळलेले बाळ घामाने भिजते.

घरी शिवलेल्या वस्तूंवर घेतला जाणारा मोठा आक्षेप हा, की त्या जुन्या कापडाच्या असतात आणि जुने वस्त्र आहेरात देणे बरे दिसत नाही. हा आक्षेप आपल्याच रीतींपुढे टिकत नाही. नवजात बाळाच्या अंगाला पहिले कापड लागते ते जुने, धुवून धुवून मऊ झालेलेच असावे, असे आपल्या घरांतून आजवर सांगितले गेले आहे, आणि त्यामागचे कारण सरळ आहे. नव्या कापडाला खळ असते, त्याचा रंग जातो, शिवण टोचते. वर्षानुवर्षे नेसलेल्या सुती लुगड्यातून हे सारे निघून गेलेले असते. घरातल्या सर्वांत नाजूक जिवाला जे चालते, ते मोठ्या माणसाला दिल्याने कमीपणा कसा येईल?

गोधडीची जातच मुळी जुन्या कपड्यावर आधारलेली आहे. रजईत किंवा गादीत पिंजलेला कापूस भरतात. ते काम पिंजाऱ्याचे, आणि ती वस्तू पाण्यात घालता येत नाही. गोधडीत कापूस नसतो. वर एक लुगडे, खाली एक, आणि मध्ये धोतरे, विरलेल्या चादरी, सदऱ्यांच्या पाठी असे थर जमिनीवर ताणून पसरायचे, कडा दुमडून आधी लांब कच्चे टाके घालायचे आणि मग दुहेरी दोऱ्याने धावदोरा घालत कडेपासून आत चौकटीत चौकट करीत मध्यापर्यंत यायचे. कापूस नसल्यामुळे ती नदीवर आपटून धुता येते, उन्हात वाळते आणि फाटली की तिच्यावरच आणखी एक थर चढवता येतो. कोल्हापूर-सांगलीकडे जिला वाकळ म्हणतात, तिची काही घरांतली जाडी अशा चढत गेलेल्या थरांमुळेच आलेली असते. उन्हाळ्यात शेतातली कामे हातावेगळी झाली की ओसरीवर चार-चार बायका एकाच गोधडीच्या चार बाजूंना बसत. त्यांच्या टाक्यांची लांबी सारखी नसे, आणि जाणती बाई कोणती बाजू कोणाची हे टाक्यावरून ओळखी.

गोधडीला दारिद्र्याचा वास येतो असे उघड कोणी म्हणत नाही, परंतु तिला पाहुण्यांसमोर न काढण्यामागे हेच असते. ठिगळांचे वस्त्र पांघरून गावोगाव झाडू घेऊन फिरणाऱ्या गाडगेबाबांना लोक गोधडेबाबा म्हणत; त्या नावात आदर होता तसा ते वस्त्र कोणाचे याचा उल्लेखही होता. इतर प्रांतांनी याच कामाला मान मिळवून दिला आहे. बंगालमध्ये जुन्या साड्यांच्या थरांवर धावदोऱ्याने चित्रे काढलेला नक्षी कांथा, बिहारमध्ये मुजफ्फरपूरकडच्या भुसरा गावची नवजात बाळासाठी शिवली जाणारी सुजनी, या दोन्हींची सामग्री आणि टाका आपल्या गोधडीचाच आहे. सुजनीला २००६ मध्ये आणि नक्षी कांथ्याला २००८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. गोव्याला लागून असलेल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या स्त्रिया जी कवंदी शिवतात, तीही कडेपासून आत शिवत आणतात आणि चारही कोपऱ्यांवर दुमडलेल्या रंगीत चिंध्यांची फुले बसवतात. ती फुले नसलेली कवंदी त्यांच्या लेखी उघडी असते. आमच्या राज्यात सोलापुरी चादरीला २००५ मध्येच मानांकन मिळाले, त्याचा अभिमान आहेच. पण ती मागावर विणलेली चादर आहे. घरोघरी सुईने शिवलेल्या पांघरुणाकडे आपण कला म्हणून फारसे पाहिलेले नाही.

खरी अडचण वेगळी आहे आणि ती मान्य केली पाहिजे. जुने सुती कापडच घरातून नाहीसे होत आहे. नऊवारी लुगडे सुमारे सव्वाआठ मीटर लांब असते. त्याचे दोन-दोन मीटरचे चार तुकडे केले, की दोन जोडून वरची बाजू आणि दोन जोडून खालची बाजू अशी दोघांना पुरेल एवढी गोधडी एकाच लुगड्यात निघते. सहावारीत साडेपाच मीटरच कापड मिळते, आणि आताच्या सहावारी बहुतांशी सिंथेटिक असतात. अशा साड्यांची गोधडी शिवून पाहिलेल्या बायकांना ठाऊक आहे, की थर एकमेकांवरून घसरतात, टाका बसत नाही, आणि शिवून झाल्यावरही ती ना घाम टिपते ना धड ऊब देते. कापड सुती आहे की नाही याची शंका आली, तर कडेचा एक दोरा काढून तो जपून पेटवून पाहावा. सुती दोरा कागदासारखा जळून त्याची राख होते, पॉलिस्टरचा दोरा वितळून त्याचा कडक मणी होतो. घरात सुती लुगडी उरली नसतील तर जुन्या सुती चादरी, पंचे, पुरुषांचे सुती सदरे आणि ओढण्या यांवर भागवता येते. नवे सुती कापड घ्यायचे झाले तर ते आधी रात्रभर पाण्यात भिजवून, एकदा धुवून मगच बेतावे. नाहीतर पहिल्या धुण्यात नवे आटते, जुने आटत नाही, आणि सगळी गोधडी सुरकुतते. रंग जाणारे लाल-निळे कापड पांढऱ्याशेजारी लावण्याचा मोह टाळलेला बरा.

बाळासाठी शिवताना आणखी थोडे सांभाळावे लागते. सध्या पहिल्या वाढदिवसापर्यंत झोपलेल्या बाळाच्या अंगावर जड किंवा सैल पांघरूण नको, ते झोपेत तोंडावर येऊ शकते, असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला असतो. म्हणून दुपटे दोन-तीन पदरांचे, पातळ शिवावे आणि जाड गोधडी बाळ मोठे झाल्यावर द्यावी. आरसे, टिकल्या, मणी, बटणे हे सारे कुंचीवर शोभते खरे. पण ते निघून बाळाच्या तोंडात जाण्याची भीती असते, तेव्हा शोभा काठानेच आणावी.

वेळ कोणाला आहे, असे विचारले जाईल. नोकरी करणाऱ्या स्त्रीने पूर्ण गोधडी हाताने शिवावी असा माझा हट्ट नाही. संक्रांतीला वाण म्हणून प्लास्टिकचे डबे आणि चाळण्या लुटण्याऐवजी घरच्या सुती तुकड्यांच्या भाजीच्या पिशव्या शिवून लुटता येतील. त्यांना शिवणयंत्रावर फार वेळ लागत नाही. राज्यात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली, तरी दुकानदार ज्या ‘कापडी’ पिशव्या देतात त्यांतल्या बहुतेक पॉलिप्रोपिलिनच्या, म्हणजे प्लास्टिकच्याच असतात. बोरन्हाणाचे काळे झबले, डोहाळजेवणाला द्यायचा बटवा, पहिल्या दिवाळीला जावयासाठी जुन्या इरकलीच्या काठांचा बसण्याचा आसनपट्टा, ही सगळी एक-दोन सुट्यांत होणारी कामे आहेत. आणि शिवणे हे बायकांचेच काम आहे असेही मी मानत नाही. गावोगावच्या शिंपीआळ्यांत पिढ्यान् पिढ्या पुरुषच यंत्रावर बसत आले. ज्या महाराष्ट्रात नामदेव शिंप्याच्या घरी जन्मले, तिथे घरातल्या पुरुषाने सुईत दोरा ओवला तर त्याचे हसू का व्हावे? शाळांतल्या कार्यानुभवाच्या तासाला मुलगे-मुली दोघांनाही धावदोरा, हातशिलाई आणि बटण लावणे एवढे जरी नीट आले तरी पुष्कळ झाले.

ज्यांना शिवता येत नाही त्यांनी शिवून घ्यावे, मात्र मजुरी ठरवताना हात आखडू नये. दारोदार फिरून गोधड्या शिवून देणाऱ्या बाया आजही शहरांच्या सोसायट्यांमधून दिसतात. कापड आपले आणि ते जुनेच, मग एवढे पैसे कशाचे, असा घासाघिशीचा सूर त्यांच्याशी बोलताना ऐकू येतो, आणि तोच माणूस प्रदर्शनात काचेमागे टांगलेल्या गोधडीला हजारो रुपये मोजून येतो. जुन्या कापडाची किंमत शून्य धरली तरी हजारो टाक्यांची शून्य कशी धरायची? नात्यातही हेच होते. एखाद्या काकूंनी भाचीला गोधडी दिली की उरलेल्या सगळ्यांचे ‘मलाही एक शिवून द्या ना’ सुरू होते. अशा वेळी निदान सुती कापड धुवून, उसवून, इस्त्री करून काकूंकडे आणून द्यावे आणि कच्चे टाके घालायला एक दुपार बसावे.

ज्यांना अशी भेट मिळते त्यांच्याविषयीही एक तक्रार आहे. ती डांबराच्या गोळ्या घालून पेटीत ठेवून दिली जाते, कारण ‘आजीची आठवण आहे, खराब होईल’. गोधडी वापरून आणि धुऊन खराब होत नाही, ती मऊ होते. पेटीत घडीवर राहिलेले सुती कापड मात्र घडीच्या रेषेवर विरते, आणि ओल लागली तर त्याला बुरशी धरते.

आपल्या दैनिकाकडे दोन विनंत्या आहेत. आपल्या रविवारच्या किंवा महिलांसाठीच्या पुरवणीत दुपटे, कुंची आणि एकेरी गोधडी यांची मापे व बेतण्याची आकृती क्रमाने छापावी. पाककृतींना जेवढी जागा मिळते त्याच्या चौथा हिस्सा मिळाला तरी चालेल. दुसरे असे, की कोकण, खानदेश, मराठवाडा, विदर्भ आणि देशावरच्या वाचकांकडून त्यांच्या घरच्या गोधड्यांची छायाचित्रे, टाक्यांच्या रचनेची नावे आणि शिवणाऱ्या व्यक्तीचे नाव मागवावे. कोणत्या भागात चौकटीत चौकट शिवतात, कुठे आडव्या ओळी घालतात, कुठे मध्यभागी फूल काढतात, हे अजून सांगू शकतील अशा बायका हयात आहेत. यापुढे शिवणाऱ्यांनी मात्र एका कोपऱ्यात साल आणि आपले नाव दोऱ्याने घालून ठेवावे, म्हणजे वीस वर्षांनी हा टाका कोणाचा याची विचारपूस करावी लागणार नाही.

कळावे,
आपली विश्वासू,
एक वाचक, कराड