चिरिक सनांगोची पुडी फोडू नकोस

सातारा

प्रिय अवधूत,

सप्रेम नमस्कार.

गुडघ्यांसाठी तू ‘चिरिक सनांगो’ या झुडपाची पूड परदेशातून मागवतो आहेस, हे वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. पैसे भरले नसशील तर थांब. भरले असशील तर पुडी आली तरी फोडू नकोस.

झुडूप खरंच औषधी आहे, म्हणूनच तर मला धास्ती वाटते. पेरूत इक्वितोसच्या बेलेन बाजारात झाडपाल्याची एक गल्लीच आहे, तिथे मुळ्या आणि उसाच्या दारूत भिजवलेली औषधं विकतात. चिरिक सनांगोची साल-मुळी किसून, भिजवून संधिवातावर, तापावर देतात. क्वेचुआ भाषेत ‘चिरि’ म्हणजे थंडी. औषध पोटात गेलं की ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात, मग हुडहुडी भरते. सांध्यांत शिरलेला गारठा असा बाहेर पडतो, अशी तिथली समजूत. पण अवधूत, तीच हुडहुडी विषबाधेचीही खूण आहे. ती कुठवर जाऊ द्यायची, हे फक्त देणाऱ्याला कळतं.

याचाच एक दुर्मिळ भाऊबंद आहे, चिरिकास्पी, म्हणजे थंडीचं झाड. कोलंबिया-इक्वेडोरच्या सीमेवरच्या जंगलातले कोफान लोक तो वापरतात. टिमथी प्लॉमन या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने 1973 साली त्याला शास्त्रीय नाव दिलं. त्याने तो स्वतः घेऊनही पाहिला. मुंग्या, थंडीच्या लाटा, पोटात कळा, आणि अशी भोवळ की धड चालवेना. सोबतीला ते झाड जाणणारी माणसं होती, तरी ही गत. तुझ्या सोबतीला कोण असणार? त्याच कोफानांच्या भूमीत 1967 साली लागो आग्रियोला तेलाची विहीर खणली गेली आणि जंगल तुटत गेलं. झाडाबरोबर ते द्यायचं कसं हे जाणणारेही विरळ होत जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

तिथे हे औषध नुसतं गिळत नाहीत. मीठ, साखर, डुकराचं मांस, दारू सगळं बंद, माणूस एकांतात, आणि देणारा रोज बघायला. आपल्याकडे बिब्बा शुद्ध केल्याशिवाय वैद्य पोटात देत नाही ना, तसंच. पुडीत यातलं काय येणार? शिवाय ‘सनांगो’ म्हणून तिकडे एकमेकांशी नातं नसलेली निरनिराळी झाडं ओळखली जातात. वाळवून दळल्यावर आत नेमकं काय आहे, हे मी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवूनही डोळ्यांनी सांगू शकणार नाही.

चिरिक सनांगोचं कूळ मात्र आपल्या ओळखीचं आहे. वांगी, मिरची, अश्वगंधा आणि धोतरा यांचंच. या झुडपात स्कोपोलेटिन हे सूज उतरवणारं द्रव्य सापडतं. पण या झुडपांच्या वंशात ब्रुन्फेल्सामिडीन हे विषही सापडतं, आणि त्याने झटके येतात. तुझ्या तर रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. त्यांत हे मिसळायचं म्हणजे जिवाशी खेळ रे.

आता दुसरं, आणि हे आजच कर. तुझ्या फाटकाजवळचं ते झुडूप, ज्याचं फूल जांभळं उमलतं, दुसऱ्या दिवशी फिकटतं आणि मग पांढरं होतं, नर्सरीवाला ज्याला ‘यस्टरडे-टुडे-टुमारो’ म्हणाला होता, ते याच वंशातलं आहे. जात वेगळी असली तरी त्याची फळं आणि बिया कुत्र्यांना घातक असतात. उलट्या, थरथर, अंग ताठ होणं, मग झटके. मोती त्याच सावलीत झोपतो. खाली पडलेली फळं वेचून टाक, आणि त्याने चघळल्यासारखं वाटलं तर वाट न बघता जनावरांच्या डॉक्टरकडे ने.

गुडघ्यांचे एक्स-रे घेऊन रविवारी इकडे ये. इथल्या हाडांच्या डॉक्टरांकडे मी तुझ्याबरोबर येतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीधर