भाषणाचा शेवट बदल

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

रक्तदान शिबिरासाठीचं भाषण वाचलं. चार्ल्स ड्रू, अमेरिकेतला कृष्णवर्णीय डॉक्टर, निवडलास, आवडलं. पण ‘गोऱ्यांच्या दवाखान्याने दारातून परत पाठवलं आणि रक्तपेढीचा जनकच रक्ताविना गेला’ हा शेवट काढून टाक. तसं झालंच नाही. 1 एप्रिल 1950ला नॉर्थ कॅरोलिनात त्याच्या गाडीला अपघात झाला. बर्लिंग्टनच्या दवाखान्यात गोऱ्या डॉक्टरांनी शर्थ केली, पण मार जबर होता. सोबत असलेल्या कृष्णवर्णीय डॉक्टरनेच हे सांगून ठेवलंय. आणि ‘जनक’ही नको; शिकागोत 1937लाच रक्तपेढी होती.

मग त्याने केलं काय, ते सांग ना! बाटलीतलं रक्त न हलवता ठेवलं की तांबड्या पेशी तळाशी बसतात, वर पिवळसर पाणी राहतं, तोच प्लाझ्मा. पेशी जुन्या होतात तसं त्यांतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं. तापमानाने, बाटलीच्या आकाराने त्यात काय फरक पडतो, हे पठ्ठ्या न्यूयॉर्कमध्ये मोजत बसला. 1940 साली त्यावरच कोलंबिया विद्यापीठात प्रबंध दिला. प्लाझ्मा रक्तापेक्षा जास्त टिकायचा, गट जुळवायची कटकटही नसायची. त्याच वर्षी लंडनवर बॉम्ब पडत होते आणि ब्रिटनला प्लाझ्मा पाठवायचं काम त्याच्याकडे आलं. साडेचौदा हजारांच्या आसपास रक्तदान झालं. पण दर दवाखान्याची तऱ्हा वेगळी, आणि अनेकांचा प्लाझ्मा एकत्र करायचा म्हटल्यावर एका बाटलीत जंतू शिरले की सगळंच फुकट. त्याने सगळ्यांना एकच पद्धत लावून दिली, तपासणी एका जागी आणली. टाळ्या मिळणार नाहीत, पण मला यातलं हेच सगळ्यात मोठं वाटतं. रोज रक्तपेढीत रजिस्टर भरणारीला वाटणारच म्हणा!

अन्याय सांगायचाच तर खरा सांग. अमेरिकेच्या सैन्यासाठी आधी कृष्णवर्णीयांचं रक्त घेतच नव्हते; 1942पासून घेतलं, तेही वेगळं ठेवून. म्हणजे ज्याने ही घडी बसवून दिली, त्याचंच रक्त चालेना. याला शास्त्राचा काडीचा आधार नाही, असं ड्रू उघड म्हणाला.

पाच मिनिटांत आटप. उपाशीपोटी कुणाला खाटेवर घेऊ नका, आणि तू स्वतः देणार असशील तर आधी हिमोग्लोबिन बघून घे.

तुझी,
आई