चाळिशीतल्या वैमानिकाच्या घरचा हिशेब

प्रति,
माननीय संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नोकरी-संसार सांभाळून पस्तिशी-चाळिशीत वैमानिक झालेल्या तिघांवरचा लेख वाचला. चांगला होता. सुरुवात जेआरडी टाटांच्या 15 ऑक्टोबर 1932 च्या कराची ते जुहू या टपाल उड्डाणापासून केली होती. जेआरडी तेव्हा 28 वर्षांचे होते आणि विमान घरच्याच कंपनीचं होतं. त्यांच्यामागे बँकेचा हप्ता नव्हता, एवढं मात्र लेखात लिहायचं राहिलं.

माझा नवरा छत्तिसाव्या वर्षी चाकणच्या कारखान्यातली इंजिनिअरची नोकरी सोडून विमान शिकायला गेला. आज तो एका प्रवासी विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक आहे. म्हणजे आमची गोष्ट फसलेल्यांची नाही, हे आधीच सांगते. मी एका सहकारी बँकेत कर्ज विभागात काम करते. त्यामुळे उडण्याचं सगळं त्याच्याकडे आणि पैशांचं सगळं माझ्याकडे, अशी वाटणी आमच्यात आपोआपच झाली. तुमच्या लेखात तिन्ही बायकांच्या वाट्याला एकेक वाक्य आलं आहे, आणि त्यात त्या नवऱ्याच्या पाठीशी खंबीरपणे उभ्या आहेत. पाठीशी उभं राहणारी बाई पाच तारखेला हप्ता कुठून भरते, हेही कुणीतरी लिहायला हवं, म्हणून हे पत्र.

वयाबद्दल लोक उगाच घाबरतात. प्रवासी विमान चालवायला आपल्याकडे 65 वर्षांपर्यंत परवानगी आहे. चाळिशीत कॉकपिटमध्ये बसलेल्या माणसाच्या हाती पंचवीस वर्षं उरतात. आमच्या बँकेत एवढ्या मुदतीवर आम्ही घरकर्ज देतो. डीजीसीएची, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेची, कमर्शियल लायसन्सची (वैमानिकाची नोकरी करायला लागणाऱ्या परवान्याची) अट किमान 18 वर्षांची आहे, कमाल वय त्यात नाही. कंपन्या स्वतः उमेदवार निवडून शिकवून घेतात त्या कॅडेट योजनांमध्ये मात्र वयाची वरची मर्यादा असते, तेव्हा तो रस्ता संसारी माणसाला बहुतेक बंदच.

बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स हवं, ही दुसरी अट. माझा नवरा इंजिनिअर, त्याला ती आडवी आली नाही. पण आमच्याच सोसायटीतला एक कॉमर्सचा मुलगा (मुलगा म्हणते, पण वय बत्तीस) मुक्त विद्यालयातून हे दोन विषय द्यायला बसला, तेव्हा परीक्षा केंद्रावर सगळे त्याला सुपरवायझर समजत होते. ही अट काढण्याचा विचार चालू असल्याच्या बातम्या 2025 मध्ये आल्या होत्या. काढली तर बरंच होईल.

मेडिकलबद्दल एकच सांगते, आणि तुमच्या वाचकांपैकी कुणी या वाटेवर असेल तर त्यांनी हे कात्री घेऊन कापून ठेवावं: संस्थेला फीचा पहिला रुपया देण्याआधी शिकाऊ वैमानिकाला लागणाऱ्या क्लास टू तपासणीबरोबर कमर्शियल लायसन्सला लागणारी, जास्त कडक क्लास वनची तपासणीही करून घ्या. चष्मा चालतो. पण रंग ओळखण्यातला दोष, रक्तदाब, साखर, हृदयाचा आलेख यात चाळिशीच्या आसपास काय निघेल हे कुणाला सांगता येत नाही. राजीनामा आणि फी आधी, क्लास वन नंतर, असा उलटा क्रम लावणारे बरेच आहेत. त्यातल्या काहींची कागदपत्रं कर्जफेडीची मुदत वाढवून मागायला माझ्या टेबलावर येतात.

लेखी परीक्षांचा भाग त्यातल्या त्यात सोपा, कारण तो नोकरीत राहून होतो. नेव्हिगेशन, मिटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स, टेक्निकल. उत्तीर्ण व्हायला 70 टक्के लागतात. आमच्याकडे हे सगळं स्वयंपाकघरातल्या टेबलावर झालं. कंपनीच्या बसमधून उतरून चहा घेतला की नकाशा पसरायचा. त्याची ती वाऱ्याचा हिशेब करायची गोल चकती मुलीला फार आवडायची, तिच्या भूमितीच्या तासाला ती एकदा शाळेतही जाऊन आली. सासूबाई विचारायच्या, “अरे, पाऊस कधी पडणार ते तरी सांगता येतं का आता तुला?” त्या काळात पगार चालू होता. घरात कटकट होती, पण चिंता नव्हती.

चिंता सुरू झाली ती उडायला गेल्यावर. लायसन्ससाठी 200 तास उड्डाण लागतं. त्यातले 100 तास पायलट इन कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर असलेला वैमानिक म्हणून, आणि त्या शंभरातले निदान 15 तास अर्ज करण्याआधीच्या सहा महिन्यांत झालेले हवेत. हे शेवटचं कलम वाचताना साधं वाटतं. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा की पैसे संपले म्हणून थांबा, घरात आजारपण आलं म्हणून थांबा, आणि परत या, असं करणाऱ्याला जुने तास असूनही नव्याने पैसे मोजून उडावं लागतं. शनिवार-रविवारी शिकू आणि सोमवारी कामावर जाऊ, असं परदेशात बरेच जण करतात. आपल्याकडे ते जमत नाही, कारण ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी विमान मिळेल याची खात्रीच नसते. म्हणून नोकरी सोडावी लागते. शिकायला वेळ लागतो म्हणून नव्हे, तर विमानाची वाट बघायला वेळ लागतो म्हणून.

राज्यात आज प्रशिक्षणाच्या जागा कमी नाहीत. गोंदियाजवळ बिरसी आहे, बारामती आहे, शिरपूर आहे, धुळे आहे, नागपूरचा सरकारी फ्लाइंग क्लब आहे, अमरावतीजवळ बेलोऱ्याला एअर इंडिया मोठी संस्था उभारते आहे. माझा नवरा ज्या संस्थेत होता तिचं नाव मी लिहीत नाही, आणि ती या यादीतलीच असेल असंही कुणी समजू नये. तिच्या जाहिरातीत जी मुदत होती, त्याच्या जवळजवळ दुप्पट वेळ आम्हाला लागला. रोज रात्री साडेनऊला फोन यायचा.

“आज किती झालं रे?”

“दोन सॉर्टी, म्हणजे दोन फेऱ्या उडायच्या होत्या. दोन्ही रद्द.”

“हवा खराब होती?”

“हवा छान होती गं. एक विमान हँगरमध्ये उभं आहे, पार्ट यायचाय. दुसऱ्याला इन्स्ट्रक्टर नाही.”

पावसाळ्यात ढग खाली आले की उड्डाण बंद, हिवाळ्यात सकाळी धुकं, हे कुणाच्या हातात नाही आणि त्याबद्दल आमची तक्रारही नाही. पण इन्स्ट्रक्टर लोक स्वतःच तास जमवून कंपनीत जायच्या वाटेवर असतात. एक गेला की त्याची पोरं दुसऱ्याच्या गळ्यात, आणि दुसऱ्याला सगळ्यांची पहिल्यापासून ओळख करून घ्यायची. या सगळ्या काळात हॉस्टेलचं भाडं आणि मेसचे पैसे मात्र एक दिवस चुकत नाहीत.

विशीतल्या मुलाला हा उशीर सोसतो. त्याच्यामागे बाप उभा असतो. संसारी माणसाचं काय होतं, ते आकड्यांत सांगते. सगळा खर्च धरून 50 लाख रुपये कर्ज काढलं, 11 टक्के व्याजाने, दहा वर्षांत फेडायचं, तर हप्ता बसतो सुमारे 69 हजार. शिक्षण कर्जात शिकताना हप्ता नसतो हे खरं, पण व्याज झोपत नाही. पन्नास लाखांवर एका वर्षाचं व्याज साडेपाच लाख होतं. म्हणजे संस्थेने एक वर्ष लांबवलं तर साडेपाच लाख वर, आणि त्या वर्षात घरात यायला हवा होता तो पगार आलाच नाही, ते वेगळं. हा खर्च कुठल्याही माहितीपत्रकात छापलेला नसतो, आणि माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला सर्वात मोठा धोका हाच आहे. नापास होण्याचा धोका माणूस स्वतः अभ्यास करून कमी करू शकतो. हँगरमधल्या विमानाला तो काय करणार?

कर्जाचं बोलतेच आहे तर दोन गोष्टी सांगून टाकते. साडेसात लाखांच्या वर शिक्षण कर्जाला बँका सर्वसाधारणपणे तारण मागतात. आम्ही चिंचवडचा फ्लॅट ठेवला. कर्ज मुद्दाम माझ्या नावावर काढलं, कारण मिळकत माझी चालू होती. नवऱ्याच्या किंवा बायकोच्या शिक्षणासाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजावरही प्राप्तिकरात वजावट मिळते (1961 च्या कायद्यातलं कलम 80ई), आठ वर्षांपर्यंत, फक्त प्राप्तिकराची जुनी पद्धत निवडावी लागते. हे खुद्द आमच्या बँकेतल्या निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं. दुसरं जीएसटीचं. आमच्या सुरुवातीच्या पावत्यांवर 18 टक्के जीएसटी लावला होता. डीजीसीए-मान्य प्रशिक्षणाला तो लागत नाही, असा खुलासा जीएसटी परिषदेने सप्टेंबर 2024 मध्ये केला. आता कुणाच्या पावतीवर तो दिसला तर त्याने गप्प बसू नये.

लायसन्स हातात आलं की नोकरी दारात उभी, असा समज बातम्यांमुळे होतो. जून 2023 मध्ये इंडिगोने एकदम 500 विमानांची ऑर्डर दिली. त्याच वर्षी एअर इंडियाने 470 ची दिली. मथळे आले की हजारो वैमानिक लागणार. माझ्या नवऱ्याला त्या आठवड्यात नातेवाइकांचे इतके फोन आले की जणू एक विमान त्याच्या नावावर बुक झालं होतं. आणि त्याच्या महिनाभर आधी, मे 2023 मध्ये, गो फर्स्ट ही विमान कंपनी बंद पडून तिची विमानं जमिनीवर आली होती. तिथले अनुभवी वैमानिक त्याच बाजारात उभे होते. 2019 मध्ये जेट एअरवेज बंद पडली तेव्हाही हेच झालं होतं. आणखी एक गोष्ट मथळ्यांत नसते. कंपन्यांना खरी चणचण असते ती कॅप्टनची. त्यासाठी लागणाऱ्या लायसन्सला 1500 तास हवेत. दोनशे तासांच्या नव्या माणसांची रांग मात्र लांबच लांब आहे, आणि त्या रांगेत उभं राहण्यासाठीही बहुतेकांना आधी एअरबस नाहीतर बोइंगचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या एका प्रकारचं विमान चालवायचं वेगळं प्रशिक्षण, स्वतःच्या पैशाने करावं लागतं. तो पुन्हा लाखांचा खर्च. आमच्या घरात त्या वाट बघण्याच्या काळात नवऱ्याने एका कोचिंग क्लासमध्ये अकरावी-बारावीचं फिजिक्स शिकवलं. त्याला त्याची लाज वाटली नाही, सासूबाईंना वाटली.

आता तो उडतो. रोस्टर, म्हणजे कंपनीकडून येणारं ड्यूटीचं वेळापत्रक, हा आमच्या घरातला नवा पाहुणा आहे. पहाटे तीनला गाडी येते, तेव्हा मुलगी झोपलेली असते, आणि तो परत येतो तेव्हा ती शाळेत असते. डिसेंबर 2025 मध्ये एका मोठ्या कंपनीची हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हा टीव्हीवर जो तो वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांवर घसरत होता. आठवड्यातून सलग 48 तास विश्रांती द्या, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा घाला, मुख्यतः एवढंच त्यात आहे. रात्रभर उडून आलेल्या माणसाला दारातच बूट काढताना भिंतीला टेकून पेंगताना मी बघितलं आहे. तेव्हा त्या वादात मी कुठल्या बाजूला आहे ते सांगायला नको.

आता मूळ मागणी. डीजीसीएने ऑक्टोबर 2025 पासून प्रशिक्षण संस्थांची श्रेणी जाहीर करायला सुरुवात केली. पहिल्याच यादीत सर्वात वरच्या श्रेणीत एकही संस्था बसली नाही, यातच काय ते आलं. पाऊल चांगलं आहे, पण अ, ब, क अशा अक्षरांवरून माझ्यासारखीला कर्जाचा हिशेब मांडता येत नाही. मला हवी ती माहिती अगदी साधी आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत या संस्थेत आलेल्यांना 200 तास पूर्ण करायला प्रत्यक्षात सरासरी किती महिने लागले? आज संस्थेत मुलं किती, उडण्याच्या स्थितीतली विमानं किती, इन्स्ट्रक्टर किती? हे आकडे प्रत्येक संस्थेकडे असतातच, कारण प्रत्येक उड्डाणाची नोंद ठेवावी लागते. ते जाहिरातीत ठळक छापण्याची सक्ती व्हावी. म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीत जोखमीची सूचना द्यावी लागते, मग पन्नास लाखांच्या शिक्षणाला ती का नको? आणि फी आगाऊ एकरकमी न घेता झालेल्या तासांप्रमाणे घ्यावी. विमान उभं राहिलं तर त्याचा फटका संस्थेलाही बसू दे, म्हणजे पार्ट लवकर येतील.

नागपूरचा क्लब तर सरकारचाच आहे. तिथे नोकरी करणाऱ्या प्रौढांसाठी आठवड्यातल्या ठरावीक वेळा राखून ठेवायचा प्रयोग करून बघायला काय हरकत आहे? एका माणसाची जरी नोकरी त्यामुळे टिकली तरी एका घराचा हप्ता वेळेवर जाईल.

आपल्यालाही एक विनंती आहे. ज्या पानावर हा लेख होता, त्याच्या मागच्याच पानावर एका प्रशिक्षण संस्थेची पाव पान जाहिरात होती, महिन्यांच्या आकड्यासकट. आपल्या जाहिरात विभागाने त्यांना एवढंच विचारावं की या मुदतीत गेल्या वर्षी किती जणांचे तास पूर्ण झाले. उत्तर आलं तर छापा. नाही आलं तर तसं छापा.

माझा नवरा नोकरीत आहे, म्हणून माझं नाव प्रसिद्ध करू नये. खऱ्या नाव-पत्त्याची चिठ्ठी सोबत जोडली आहे.

आपली,
एक वाचक, चिंचवड