बाबांच्या वहीतल्या हिशेबाबद्दल

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, मुदत संपलेल्या ठेवीचे पैसे मी तुम्ही म्हणता त्या, स्टार्टअपमधले हिस्से बाळगणाऱ्या कंपनीच्या शेअरमध्ये घातले नाहीत, घालणारही नाही. ती स्वस्तात मिळतेय असं तुमचं म्हणणं. फोनवर तुमचा आवाज चढला की आईचा जीव खाली-वर होतो, म्हणून लिहितेय.

तुमची वही ओळ न ओळ तपासली. पेन्सिलीने आखलेले रकाने, एकेका स्टार्टअपमधला हिस्सा, खाली बेरीज. बेरीज बरोबर आहे. कंपनीच्या सगळ्या शेअरांचा मिळून बाजारभाव त्या बेरजेहून बराच कमी, हेही खरं. पण ती रक्कम आपल्या हातात येणार कधी? आपल्या गिरगावच्या पागडीच्या खोलीचा भाव लोक कोटीत सांगतात. विकायला काढली की मालकाची संमती लागते, त्याचा वाटा जातो. इथेही हिस्से कधी विकायचे ते प्रवर्तक, म्हणजे कंपनी चालवणारे मुख्य मालक ठरवणार. विकले की कर, शिवाय ऑफिसचा खर्च, वरच्यांचे पगार. उरलेलं लाभांश म्हणून देतील की आणखी एखाद्या तोट्यातल्या स्टार्टअपमध्ये ओततील, त्यावर आपलं काही चालत नाही.

अशाच एका कंपनीचं बघा. दक्षिण आफ्रिकेच्या नॅस्पर्सने २००१ मध्ये ३.२ कोटी डॉलरला चीनच्या टेन्सेंट या इंटरनेट कंपनीचा जवळजवळ निम्मा हिस्सा घेतला. असा सौदा क्वचितच कुणाला साधतो! तरी कित्येक वर्षं अख्ख्या नॅस्पर्सचा भाव त्या एका हिश्शाहून कमी होता. तो फरक मिटवायला २०१९ मध्ये टेन्सेंटचा हिस्सा प्रोसस नावाच्या कंपनीत वेगळा काढून ती ॲमस्टरडॅमच्या बाजारात नोंदवली, २०२२ पासून टेन्सेंट थोडं थोडं विकून स्वतःचे शेअर परत घ्यायला लागले. फरक कमी झाला, पण मिटला नाही. तिशीतल्या माणसाने खुशाल वाट बघावी. तुमचं औषधांचं बिल महिन्याला येतं, बाबा.

तुमची नजर कमी पडली असं मुळीच नाही. पोस्टाच्या बाकावर मांडीवर बसवून पासबुकातली बेरीज तुम्हीच करायला लावायचात, आणि जमली की पाठीवर थाप. ती थाप अजून हवीशी वाटते.

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा फॉर्म भरून ठेवलाय. व्याज दर तीन महिन्यांनी खात्यात येईल. इन्सुलिन, आईची फिजिओ, दूध, कशाला अडणार नाही. आई, पैसे वाचवायला म्हणून कामाच्या मावशींना बंद करू नकोस.

शनिवारी सकाळी येते. बाबा, पॅन, आधार आणि दोन फोटो काढून ठेवा. जिना एकट्याने उतरायचा नाही, मी वर आले की मगच निघायचं. आणि निघण्याआधी नाश्ता करायचा, रिकाम्या पोटी पोस्टात जायचं नाही.

तुमची,
मनू